चौकटीच्या आत, चौकटीच्या बाहेर : परिसरशास्त्राच्या पहिल्या वर्षाविषयी वाचकांचे प्रश्न

परिसरशास्त्र, म्हणजेच इकॉलॉजी, विद्यापीठात प्रथमच शिकणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे या सदराकडे आली आहेत. व्याख्याने एका बाजूला आणि क्षेत्रकार्य दुसऱ्या बाजूला राहते, अशी तक्रार त्यांतील बहुतेक पत्रांत आढळली. म्हणून या वेळचे सदर याच विषयाला दिले आहे. प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत.

प्रश्न : वर्गात आम्हांला जीवसंख्यावाढीची समीकरणे आणि स्पर्धेची प्रारूपे शिकवली जातात. क्षेत्रकार्याच्या दिवशी मात्र आम्ही गवतात बसून रोपे मोजतो. या दोन गोष्टींचा परस्परांशी काय संबंध आहे हे मला उमगत नाही. अभ्यासाचा वेळ दोहोंत कसा वाटावा?
— प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी

उत्तर : आपला प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो सुटल्याशिवाय हा विषय खऱ्या अर्थाने सुरूच होत नाही. वर्गात फळ्यावर लिहिलेले प्रत्येक समीकरण काही गृहीतकांवर उभे असते. समीकरण पाठ होते आणि गृहीतके मात्र वहीच्या समासात राहून जातात, तेथेच दरी पडते.

जीवसंख्यावाढीचे मर्यादित वाढीचे प्रारूप घ्या. पिएर व्हेरहुल्स्ट यांनी ते १८३८ मध्ये मांडले. संख्या कमी असताना वाढ वेगाने होते, पुढे ती मंदावते आणि परिसराच्या धारणक्षमतेपाशी, म्हणजे तो परिसर पोसू शकेल अशा कमाल संख्येपाशी, स्थिरावते, असा त्याचा इंग्रजी एस या अक्षरासारखा वक्र आपण काढला असेल. हा वक्र काही गोष्टी न बोलता मान्य करतो. सर्व प्राणी सारखेच आहेत, धारणक्षमता बदलत नाही आणि गर्दीचा परिणाम जन्म-मृत्यूंवर ताबडतोब होतो, या त्या गोष्टी होत. आता बेरिंग समुद्रातील सेंट मॅथ्यू बेटाकडे पाहा. तेथे १९४४ मध्ये २९ रेनडिअर सोडण्यात आले. बेटावर त्यांची शिकार करणारा प्राणी नव्हता आणि दगडफुलांचा जाड थर चरायला उपलब्ध होता. १९६३ पर्यंत त्यांची संख्या सुमारे ६००० झाली. त्यानंतरच्या एका कडक हिवाळ्यात कळप कोसळला आणि १९६६ मध्ये केवळ ४२ प्राणी उरलेले आढळले. येथे वक्र स्थिरावला नाही, कारण दगडफूल अतिशय सावकाश वाढते. कळपाने आदल्या अनेक वर्षांचा साठा खाऊन संपवला आणि गर्दीचा परिणाम जाणवेपर्यंत फार उशीर झाला होता. यावरून समीकरण निरुपयोगी ठरत नाही. त्यातील ‘ताबडतोब’ हे गृहीतक या बेटावर टिकले नाही, एवढे नेमकेपणाने सांगता येते, आणि इतक्या नेमकेपणाने बोलण्याची सोय त्या समीकरणामुळेच झालेली असते.

स्पर्धेच्या प्रकरणाचेही असेच आहे. गाउझे यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पॅरामीशियम या एकपेशीय जीवाच्या दोन जाती एकाच भांड्यात, एकाच अन्नावर वाढवल्या असता त्यांपैकी एक जात नाहीशी झाली. हे काचेच्या भांड्यातले झाले. निसर्गातही स्पर्धेमुळेच एखादी जात विशिष्ट जागेपुरती मर्यादित राहते का, हे नुसत्या निरीक्षणाने ठरत नाही. जोसेफ कॉनेल यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेले स्कॉटलंडच्या खडकाळ किनाऱ्यावरील काम यासाठी अवश्य समजून घ्या. तेथे बार्नेकल या खडकाला चिकटून राहणाऱ्या प्राण्यांच्या दोन जातींचे प्रौढ जीव दोन पट्ट्यांत आढळत असत, एक वरच्या आणि दुसरी खालच्या पट्ट्यात. कॉनेल यांनी खालच्या भागातील काही दगडांवरून खालच्या पट्ट्यातील जातीचे प्राणी काढून टाकले, तेव्हा वरच्या पट्ट्यातील जात तेथेही तग धरून राहिली. म्हणजे तिची खालची सीमा पाण्याने नव्हे, शेजाऱ्याने आखलेली होती. खालच्या जातीची वरची सीमा मात्र प्रामुख्याने ओहोटीच्या वेळी कोरडे पडण्याने ठरत होती. एकाच किनाऱ्यावरील दोन सीमारेषा आणि त्यांची कारणे दोन. हे कळण्यासाठी दगडावरचा एकेक जीव पुन्हा पुन्हा मोजावा लागला.

तेव्हा वेळेची वाटणी करण्यापेक्षा अशी सवय लावा, की व्याख्यानातील प्रत्येक प्रारूपाखाली त्याची गृहीतके स्वतःच्या शब्दांत लिहायची आणि क्षेत्रकार्याला निघण्यापूर्वी त्यांतील एक गृहीतक त्या दिवसाचा प्रश्न म्हणून निवडायचे. रोपे मोजण्याचे काम तेवढेच राहील, परंतु आपण ती कशासाठी मोजत आहोत हे माहीत असेल. परीक्षेतही ‘प्रारूपाच्या मर्यादा सांगा’ या प्रश्नाचे उत्तर त्यातूनच तयार होते.

प्रश्न : आमचा गट एक मीटर लांबीरुंदीची चौकट खांद्यावरून मागे फेकतो आणि ती जेथे पडेल तेथील वनस्पती मोजतो. ही यादृच्छिक पद्धत आहे असे आम्हांला ज्येष्ठ विद्यार्थ्यांनी सांगितले. हे बरोबर आहे का? आणि किती चौकटी पुरेशा होतात?
— एक विद्यार्थी

उत्तर : ही पद्धत सर्वत्र प्रचलित असली तरी यादृच्छिक नाही, आणि मागे कोणी उभे असेल तर ती धोक्याचीही आहे. फेकणारा कोठे उभा राहतो, कोणत्या दिशेला पाठ करतो आणि किती जोर लावतो, हे सारे त्याच्या नकळत ठरत असते. काटेरी झुडपाकडे किंवा चिखलाकडे सहसा कोणी चौकट फेकत नाही. परिणामी चालायला सोयीची जागा नमुन्यात अधिक येते आणि गैरसोयीची जागा वगळली जाते. यादृच्छिक नमुन्यात क्षेत्रातील प्रत्येक जागेला निवडले जाण्याची सारखी संधी मिळायला हवी. त्यासाठी क्षेत्राच्या दोन बाजूंना काटकोनात मोजपट्ट्या अंथराव्यात, यादृच्छिक अंकांच्या तक्त्यातून किंवा मोबाइलमधून अंकांच्या जोड्या घ्याव्यात आणि त्या जोडीने दाखवलेल्या बिंदूवर चौकट ठेवावी. तो बिंदू नेमका काटेरी झुडपात आला, तरी चौकट तेथेच ठेवायची.

डोळ्यांवर एवढा अविश्वास कशासाठी, असे आपल्याला वाटेल. रॉस्को पाउंड आणि फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील नेब्रास्काच्या गवताळ प्रदेशात आखीव चौरसांमधील वनस्पती एकेक करून मोजल्या. कोणती जात किती विपुल आहे याविषयीचा नजरेचा अंदाज अनुभवी माणसालाही फसवतो, हे त्या मोजणीतून त्यांच्या लक्षात आले. ठळक फुले असलेली वनस्पती नेहमीच आहे त्यापेक्षा अधिक भासते.

मात्र यादृच्छिक पद्धत प्रत्येक ठिकाणी योग्यच असते असे नाही. पाण्याच्या काठापासून वर चढत जाणारा उतार असेल, किंवा दाट सावलीतून उघड्यावर जाणारी जागा असेल, आणि त्या बदलाबरोबर वनस्पती कशा बदलतात हाच प्रश्न असेल, तर बदलाच्या दिशेने सरळ रेषा आखून तिच्यावर ठरावीक अंतराने चौकटी ठेवणे अधिक उपयोगी पडते. ही रेषा म्हणजेच ट्रान्सेक्ट. शक्य असल्यास एकमेकींना समांतर अशा अनेक रेषा घ्याव्यात, कारण एकाच रेषेत आलेला एखादा मोठा दगडही सारे चित्र बदलून टाकतो.

चौकटींच्या संख्येविषयी म्हणाल, तर सर्वत्र लागू पडेल असा आकडा देता येत नाही. मात्र तो आकडा आपल्या क्षेत्राकडूनच काढून घेण्याची एक साधी रीत आहे. प्रत्येक नव्या चौकटीनंतर तोवरची सरासरी काढत जावी. सुरुवातीला ती बरीच वरखाली होईल आणि पुढे तिची हालचाल कमी होत जाईल. तसेच एकूण किती जाती सापडल्या याचा आलेख काढावा. तो जेथे आडवा होऊ लागतो, त्याच्या थोडे पुढपर्यंत काम करणे योग्य ठरते. विरळ जातींसाठी अधिक चौकटी लागतातच. चौकटीच्या कडेवर आलेल्या रोपांचा नियम आधीच ठरवून घ्यावा. कोणत्याही दोन लगतच्या कडांवरील रोपे मोजायची आणि उरलेल्या दोन कडांवरील सोडायची, असा तो सामान्यतः असतो. जमिनीवर पसरलेल्या गवताचे ‘एक रोप’ म्हणजे काय हेच सांगता येत नसेल, तर संख्या मोजण्याऐवजी व्यापलेल्या जागेची टक्केवारी लिहावी. अशा वेळी गटातील सर्वांनी आरंभीच्या काही चौकटींचा अंदाज स्वतंत्रपणे लिहून एकमेकांशी ताडून पाहणे अत्यावश्यक आहे, नाहीतर शेवटी जो फरक दिसेल तो दोन जागांमधला आहे की दोन विद्यार्थ्यांमधला, हे कोणालाच सांगता येणार नाही.

आणखी एक गोष्ट करून पाहावी असा माझा आग्रह आहे. प्रत्येक चौकटीत सापडलेल्या एकाच जातीच्या संख्यांची सरासरी काढा आणि त्यांचे प्रचरणही, म्हणजे त्या संख्या सरासरीभोवती किती विखुरल्या आहेत याचे माप (व्हेरियन्स), काढा. रोपे खरोखर यादृच्छिकपणे विखुरलेली असतील, तर या दोन्ही किमती जवळपास सारख्या येतात. प्रचरण सरासरीहून बरेच मोठे आले, तर रोपे पुंजक्यांनी वाढत आहेत असा संकेत मिळतो. निसर्गात बहुधा पुंजकेच आढळतात. ते तसे का असावेत, बिया मातृवृक्षाखालीच पडल्यामुळे की ओलावा तेथेच असल्यामुळे, हा पुढील क्षेत्रकार्याचा प्रश्न आपोआप हाती येतो.

प्रश्न : प्राण्यांवर खुणा करून सोडणे आणि पुन्हा पकडणे या पद्धतीने आम्ही एका जागेतील भुंगेऱ्यांची संख्या काढली. आमच्या गटाचे उत्तर शेजारच्या गटाच्या कितीतरी पट आले. जागा आणि दिवस तेच होते. कोण चुकले?
— द्वितीय सत्रातील विद्यार्थी

उत्तर : बहुधा कोणीच चुकलेले नाही. आधी गणित पाहू. समजा, पहिल्या दिवशी ६० भुंगेरे पकडून, खूण करून सोडले. दुसऱ्या वेळी ५० पकडले आणि त्यांत १२ खुणेचे निघाले. ५० मध्ये १२ हे प्रमाण साऱ्या जीवसंख्येतही तेच आहे असे मानले, तर एकूण संख्या ६० गुणिले ५० भागिले १२, म्हणजे २५० येते. आता खुणेचे १२ ऐवजी केवळ ३ सापडले असे समजा, तर उत्तर १००० येईल. तीनाऐवजी दोन सापडले तर १५०० आणि एकच सापडला तर ३०००. म्हणजे पुन्हा सापडणारे प्राणी थोडे असले, की एका भुंगेऱ्याच्या फरकाने उत्तर दुप्पट होऊ शकते. दोन गटांच्या उत्तरांत तफावत येण्याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते. लहान नमुन्यांसाठी चॅपमन यांची दुरुस्ती वापरतात. तीत तिन्ही आकड्यांत एकेक मिळवून गुणाकार-भागाकार करायचा आणि शेवटी एक वजा करायचा. वरच्या पहिल्या उदाहरणात तिने सुमारे २३८ हे उत्तर मिळते. तरीही अहवालात एकच आकडा लिहून थांबू नये, त्याच्यासोबत विश्वासमर्यादा, म्हणजे खरी संख्या ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असण्याची दाट शक्यता आहे ते आकडे, द्याव्यात. त्या दिल्या, की आपली आणि शेजारच्या गटाची उत्तरे कदाचित परस्परविरोधी नसल्याचे दिसेल.

नमुना पुरेसा मोठा असूनही उत्तर विचित्र येत असेल, तर गृहीतकांकडे वळावे. खूण पुसली जात असेल, किंवा एकदा पकडलेला प्राणी सापळ्यापासून दूर राहू लागला असेल, तर खुणेचे प्राणी कमी सापडतात आणि उत्तर वास्तवाहून मोठे येते. सापळ्यातील आमिषाची चटक लागून तेच प्राणी पुन्हा पुन्हा येत असतील, तर याच्या उलट घडते आणि उत्तर लहान येते. खुणेमुळे प्राणी भक्षकांच्या नजरेत भरत असतील, तर खुणेचे प्राणी अधिक मरतात आणि उत्तर पुन्हा फुगते. मधल्या काळात खुणेचे व बिनखुणेचे प्राणी सारख्याच प्रमाणात मेले किंवा निघून गेले, तर मात्र पहिल्या दिवसाच्या संख्येचा अंदाज बिघडत नाही. हा बारकावा पुष्कळ जणांच्या नजरेतून सुटतो. आपल्या अहवालात यांतील कोणती शक्यता लागू पडते आणि तिने उत्तर कोणत्या दिशेला ओढले असेल, हे दोन-चार वाक्यांत लिहिलेत, तर तो भाग साऱ्या आकडेमोडीपेक्षा मोलाचा ठरेल. खूण करताना प्राण्याला इजा होणार नाही, सापळे वेळच्या वेळी पाहिले जातील आणि आवश्यक ती परवानगी आधीच घेतलेली असेल, याची काळजी घेणे हे मोजणीच्या अचूकतेइतकेच आपले कर्तव्य आहे.

प्रश्न : मला वनस्पतींची नावे ओळखता येत नाहीत. त्यामुळे क्षेत्रकार्यात मी केवळ इतरांनी सांगितलेले लिहून घेते. नावे पाठ करूनच क्षेत्रकार्याला जावे का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : नाही. नावांसाठी थांबू नका. एकसारख्या दिसणाऱ्या वनस्पतींना ‘जात क’, ‘जात ख’ अशी तात्पुरती ओळख द्या, प्रत्येकीचे पान, खोड, फूल आणि पानांची मांडणी यांचे छायाचित्र घ्या व जोडीला हाताने रेखाटन करा. रेखाटताना पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे पाहावेच लागते. विविधतेचा निर्देशांक, म्हणजे जाती किती आणि कोणत्या प्रमाणात आहेत हे एका आकड्यात सांगणारे माप, काढण्यासाठी नाव लागत नाही, प्रत्येक वेळी तीच जात तशीच ओळखणे मात्र लागते. खरे नाव नंतर ओळख-कोष्टकाच्या साह्याने किंवा शिक्षकांकडून ठरवून घ्यावे. मोबाइलवरील ओळखीची साधने सूचना म्हणून उपयोगी आहेत, परंतु त्यांनी दिलेले नाव वर्णनाशी ताडून पाहिल्याशिवाय वहीत शाईने लिहू नये. आणि कृपया इतरांनी सांगितलेले नुसते लिहून घेण्याचे काम दर वेळी आपल्याकडे येऊ देऊ नका. गटात मोजणारा आणि नोंदणारा यांची अदलाबदल व्हायलाच हवी.

प्रश्न : परिसरातील बदल घडायला दशके लागतात असे आम्ही शिकतो आणि क्षेत्रकार्य तर एका दिवसात संपते. एवढ्या अवधीत अनुक्रमणासारखी, म्हणजे एका जागेवरील जीवसमूह काळाबरोबर क्रमाने बदलत जाण्याची, प्रक्रिया कशी दिसणार?
— एक शिक्षक-प्रशिक्षणार्थी

उत्तर : प्रक्रिया दिसत नाही, तिच्या निरनिराळ्या अवस्था एकाच वेळी शेजारी शेजारी दिसू शकतात. हेन्री काउल्स यांनी १८९९ मध्ये मिशिगन सरोवराकाठच्या वाळूच्या टेकड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तो याच आधारावर. तेथे पाण्यालगतच्या टेकड्या नव्या आणि आतल्या बाजूच्या टेकड्या जुन्या होत्या, म्हणून किनाऱ्यापासून आत चालत जाणे हे जणू काळात पुढे चालत जाणे ठरले. पण येथेही एक गृहीतक आहेच. आजची जुनी टेकडी पूर्वी आजच्या नव्या टेकडीसारखीच होती आणि आजची नवी टेकडी पुढे आजच्या जुनीसारखी होईल, असे आपण मानून चालतो. जेरी ओल्सन यांनी १९५८ मध्ये त्याच टेकड्यांवरील मातीचा अभ्यास मांडला. तेथील सर्व टेकड्या अखेर एकाच प्रकारच्या जंगलाकडे जातात हे त्यांना मान्य करता आले नाही, कारण ओकच्या जंगलाखालची माती काळाबरोबर पोषक द्रव्यांत समृद्ध होण्याऐवजी आम्लधर्मी व निःसत्त्व होत असल्याचे त्यांना आढळले.

म्हणून एका दिवसाच्या क्षेत्रकार्याला दीर्घकालीन नोंदींची जोड हवी. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे गवताच्या कुरणावरील खतांचा प्रयोग १८५६ मध्ये सुरू झाला आणि तो आजही चालू आहे. खत न दिलेल्या पट्ट्यांत जातींची विविधता टिकून राहिली, तर वर्षानुवर्षे नत्रयुक्त खते दिलेल्या पट्ट्यांत ती खूपच घटली. अमेरिकेतील हबर्ड ब्रुक येथे १९६३ पासून पाणलोट क्षेत्रांतून वाहून जाणारी पोषक द्रव्ये मोजली जात आहेत. तेथील एका पाणलोटातील सर्व झाडे तोडल्यावर ओढ्याच्या पाण्यातील नायट्रेट अनेक पटींनी वाढले. अशा नोंदी ठेवण्याची सुरुवात आपल्या विभागातही करता येते. दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांनी त्याच खुणेच्या चौकटींत, त्याच महिन्यात, त्याच पद्धतीने मोजणी करावी आणि आधीच्या तुकड्यांच्या वह्या जपून ठेवाव्यात. दुर्दैवाने बहुतेक ठिकाणी गुण दिले गेले, की वह्या रद्दीत जातात. हे थांबावे असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : आम्ही झाडाच्या सावलीत दहा आणि उघड्यावर दहा चौकटी घेतल्या. दोन्हींत लक्षणीय फरक आढळला नाही. असा अहवाल दिल्यास गुण कमी होतील का? काही चौकटी वगळल्या तर फरक दिसतो.
— एक विद्यार्थी

उत्तर : त्या चौकटी वगळू नका. निष्कर्ष पाहून नोंदी निवडल्या, तर साऱ्या मोजणीचा अर्थच नाहीसा होतो. फरक न आढळणे हा निष्कर्षच आहे, मात्र ‘सावलीचा परिणाम होत नाही’ असे त्यावरून लिहू नये. ‘या नमुन्यात तो दिसून आला नाही’ असे लिहावे आणि नमुना लहान होता का, प्रचरण मोठे होते का, याची चर्चा करावी.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे आपण झाडे किती घेतली? पत्रातील मजकुरावरून झाड एकच होते असे दिसते. तसे असेल, तर त्याखालच्या दहा चौकटी म्हणजे सावलीची दहा स्वतंत्र उदाहरणे नव्हेत, एकाच सावलीची दहा वेळा केलेली मोजणी आहे. जरी मोठा फरक आढळला असता, तरी तो सावलीचा की त्याच झाडाखालच्या मातीचा, हे आपल्याला सांगता आले नसते. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये परिसरशास्त्रातील प्रसिद्ध झालेले अनेक प्रयोग तपासून हाच दोष त्यांत किती सर्रास आढळतो हे दाखवून दिले होते, तेव्हा पहिल्या वर्षात तो राहिला म्हणून खंत बाळगण्याचे कारण नाही. पुन्हा जाण्याची संधी मिळाली, तर एकमेकांपासून दूर असलेली दहा झाडे यादृच्छिकपणे निवडा, प्रत्येकाखाली एक चौकट घ्या आणि त्याच झाडापासून ठरावीक अंतरावर उघड्यावर दुसरी घ्या. चौकटी वीसच राहतील, परंतु प्रत्येक झाडाची जोडी मिळाल्यामुळे युग्मित चाचणी, म्हणजे जोडीतील दोन मोजण्यांमधला फरक तपासणारी सांख्यिकी चाचणी, वापरता येईल. संधी मिळणार नसेल, तर हाती असलेल्या नोंदी जशाच्या तशा मांडा आणि ही पुनर्रचना ‘पुढील कामासाठी सूचना’ या भागात कारणासह लिहा.